तळाच्या भिंतीबाहेरही घर करता येते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी लष्करी तळांवर राहणाऱ्या कुटुंबांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात, बाहेरचे लोक आपलेसे करणार नाहीत या भीतीने, अशा कुटुंबांनी शक्यतो तळाच्या आतच घर घ्यावे, असा सल्ला लेखिकेने दिला आहे. जपानपुरते तरी हे मत मला पटत नाही. माझी मुलगी जपानमधील योकोसुका येथे राहते, तेथे अमेरिकी नौदलाचा तळ आहे. आमचे जावई अमेरिकेत वाढलेले असून अमेरिकी नौदलात नोकरीस आहेत. तिच्या बाळंतपणासाठी मी तेथे राहून आले. माझे पती मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले असल्यामुळे लष्करी वसाहतीतला संसारही मी बेळगावच्या कॅम्पात अनुभवलेला आहे.

तळाच्या आत कशाचीच वाण नाही, हे खरे. क्वार्टर्स, रुग्णालय, अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळा आणि डॉलरमध्ये किराणा मिळणारे मोठे दुकान, असे सगळे तेथे आहे. नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी फ्लीट अँड फॅमिली सपोर्ट सेंटर या नौदलाच्या कुटुंब-साहाय्य केंद्राचा वर्ग भरतो आणि त्यात जपानी रेल्वेने प्रवासही करवून घेतात. इतर परदेशी माणसाला घर घेतल्यापासून 14 दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. जपान आणि अमेरिका यांच्यातील 1960 च्या करारामुळे अमेरिकी सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मात्र त्यातून सूट आहे. माझ्या मते हीच सूट त्यांना गावापासून तोडते, कारण ज्याला कोणत्याही कचेरीची पायरी चढावी लागत नाही, त्याला जपान पाहिल्याविनाच नेमणुकीची तीन वर्षे सहज काढता येतात.

मुलीने तळाबाहेर घर घेतले, तेव्हा सुरुवात अवघड गेली. भाड्याच्या जपानी घरात पुष्कळदा दिवे आणि शेगडीसुद्धा नसते. अनामतीखेरीज घरमालकाला परत न मिळणारी रक्कम देण्याची जुनी प्रथा अजून बऱ्याच ठिकाणी चालते. आणि गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो, तेव्हा घरात कोणीतरी हजर असावेच लागते. कचऱ्याचे तर एक शास्त्रच आहे. जाळण्याजोगा कचरा, प्लॅस्टिकची वेष्टने, डबे-बाटल्या यांचे वार वेगळे असतात आणि ज्या त्या दिवशी सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत ठरलेल्या जागी ते ठेवावे लागतात. चूक झाली तर पिशवी सूचनेचा कागद चिकटवून तिथेच सोडून देतात. वाचता न येणाऱ्या लिपीतली सरकारी सूचना हातात पडली की काय होते, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तेथील अनेक नगरपालिका मात्र हे वेळापत्रक इंग्रजीसह इतर भाषांतही छापून देतात.

मुलीची ही अडचण सोडवली ती शेजारच्या वृद्ध बाईंनी. नव्या बिऱ्हाडाने शेजाऱ्यांकडे छोटी भेट घेऊन जाण्याची तेथे रीत आहे. आम्ही दूध आटवून कुंदा केला आणि डबा भरून दिला. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, असे आपण मानतो, तसेच तेही मानतात. दोन दिवसांनी त्या मोसमी फळे घेऊन आल्या आणि जाताना कचऱ्याच्या पिशव्या स्वतःच्या हाताने लावून देऊन गेल्या.

जहाज समुद्रावर गेले की जावई कित्येक महिने घरी नसतात. अशा वेळी तळावरच्या मैत्रिणी धीर देतात, परंतु त्यांची दर काही वर्षांनी बदली होत असते. शेजारी तिथेच असतात. 1923 च्या महाभूकंपात योकोसुकाची मोठी हानी झाली होती, आणि आजही भूकंपाच्या वेळी कोणत्या मैदानात जमायचे, घरात पाणी किती साठवायचे, हे मुलीला गल्लीतल्या माणसांनीच दाखवले. थोरल्या नातवालाही तिने जपानी बालवाडीत घातले आहे. गाडीचे म्हणाल तर तेथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे अमेरिकी मैत्रिणींपेक्षा तिला ते लवकर जमले. (योकोसुका स्वतःला करीचे शहर म्हणवते, ती करी आपल्या जिभेला गोडच लागते.)

तळाविषयी सर्वांनाच आपुलकी असते, असे मात्र नाही. अमेरिकी सैन्याच्या खास वापरातील जपानमधल्या जमिनीपैकी सुमारे 70 टक्के जमीन एकट्या ओकिनावा या दक्षिणेकडच्या प्रांतात आहे आणि तेथील लोकांचा रोष जुना आहे. योकोसुकातही काही शेजारी बराच काळ केवळ मान लववून पुढे जात. लेखिकेची भीती या बाबतीत निराधार नाही, तरी त्यावर भिंतीआड राहणे हा उपाय मला वाटत नाही.

लेकीकडे जाणाऱ्या आईवडिलांना लेखात न आलेली एक गोष्ट सांगते. आपल्याकडे सर्रास मिळणारी सर्दी-खोकल्याची काही औषधे, विशेषतः कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेली, परवानगीशिवाय जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे एक महिन्याहून अधिक पुरतील इतकी न्यायची असतील, तर आधीच तेथील आरोग्य खात्याची परवानगी काढावी लागते. रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी भरण्यापूर्वी मुलीकडून ही चौकशी करून घ्यावी.

आपली विश्वासू,
एका निवृत्त सैनिकाची पत्नी, बेळगाव