अण्णांनी अख्खा सिनेमा पाहिला

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

काल अण्णांनी अख्खा सिनेमा बसून पाहिला. मध्ये एकदाही "काय म्हणाला तो?" असं विचारलं नाही. घरात याचं कुणालाच फारसं काही वाटलं नाही, म्हणून तुला लिहितोय.

तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

हॉलमध्ये 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, बसवल्यापासून अण्णा अर्ध्या तासात उठून आत जायला लागले होते. "हल्लीचे नट पुटपुटतात," एवढंच म्हणायचे. आवाज वाढवावा तर हाणामारीत आई दचकणार, कमी करावा तर बोलणं गायब. दादाने निकालच देऊन टाकला, कानाला मशीन लावा. त्यावरून आमचं कडाक्याचं वाजलं. कान तपासून आणले, वयाप्रमाणे वरच्या पट्टीत थोडी घट आहे. स, फ, थ ही अक्षरं तिथेच जातात, मान्य. पण ओट्यापाशी आई काय म्हणते ते त्यांना हॉलमधून कळतं रे! मग सगळा दोष कानांचाच कसा?

आणि मला तू आठवलास. नाटकातल्या पावसाच्या आवाजावरून तू पम्याशी घातलेला तो वाद. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाक्य गेलंच पाहिजे, पाऊस गेला खड्ड्यात! पम्या अजून मानत नाही, बरं का.

तर ऐक. सिनेमातलं बहुतेक बोलणं एकट्या सेंटर स्पीकरमधून येतं, आणि बसवणाऱ्याने तोच टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात आत ढकलून ठेवला होता. आवाज कप्प्यात घुमायचा आणि जायचा अण्णांच्या पायांकडे. तो ओढून कडेच्या जरा पुढे आणला, पुढून खाली दाराची रबरी पाचर सरकवली आणि तोंड वर, कानाच्या दिशेने केलं. सेटिंगमध्ये तो 'लार्ज' होता, म्हणजे खर्ज आवाजही त्याच्याच गळ्यात. 'स्मॉल' करून 80 हर्ट्झला कापला, त्याखालचा खर्ज सगळा सबवूफरकडे. सेंटर 3 डेसिबलने वर, सब थोडा खाली, रात्री मोठे आवाज दाबणारा नाइट मोड. मग एक टाळी वाजवली तर फरशीवरून नुसती झणझणली. आईची जाड सतरंजी अंथरली, तिची कुरकुर अजून चालू आहे.

तरी अण्णा अडतच होते. एकच वाक्य पुन्हा पुन्हा लावायचो आणि ते डोळे मिटून म्हणून दाखवायचे. 'साथ'चं 'हात' व्हायचं. शेवटी त्यांच्या खुर्चीत मी जाऊन बसलो तेव्हा कळलं. आडव्या सेंटरमध्ये मधोमध बारीक आवाजाचा ट्वीटर, दोन्हीकडे जाड आवाजाचे वूफर. बाजूला बसलं की दोन वूफरचे आवाज मागेपुढे पोचतात आणि नेमक्या बोलण्याच्या पट्टीत एकमेकांना खातात. अण्णांची खुर्ची होती पार कोपऱ्यात! ती मधोमध आणली. दादाची जागा गेली, त्यामुळे सध्या तो माझ्याशी मोजकंच बोलतो.

मशीन लागेलही पुढेमागे, त्याला माझा विरोध नाही. पण खोली न तपासता म्हाताऱ्या माणसाला बहिरं ठरवायचं, हे मला पटत नाही. ते सहा महिने आतल्या खोलीत एकटे बसत होते, बंड्या.

आता एक सांग. 2 ते 4 किलोहर्ट्झ, म्हणजे बोलणं स्पष्ट करणारी पट्टी, जरा उचलू का? 'व्हॉइस' मोड लावून पाहिला, तर सगळे सर्दी झाल्यासारखे बोलायला लागले. आईने तर लगेच बंद करायला लावला.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. पिंकीला दहावीचं फार टेन्शन देऊ नकोस, तुझे गणितातले मार्क मला पाठ आहेत.

दिवाळीत येताना तुझा तो डेसिबल मीटर आण. सेंटरची पातळी मी कानानेच लावली आहे, एकदा मोजून घेऊ. दादालाही आकडा दाखवायचाय.

तुझा,
सुध्या