‘तांडेल’ हे नाव आरमारातून आलेलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघावरचा लेख वाचला. संघाचं ‘तांडेल’ हे नाव कान्होजी आंग्र्यांच्या आरमारावरून पडलं, असं त्यात ठोकून दिलं आहे. हर्णैचा सुवर्णदुर्ग आमच्याच तालुक्यातला. कान्होजींचा अभिमान आम्हाला कुणी शिकवायला नको. पण आरमारावरूनच नाव घ्यायचं, तर पोरांनी ‘सरखेल’ हा कान्होजींचा आरमारप्रमुखाचा किताबच नसता का घेतला? तांडेल म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या, आणि हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते तांडेल माझे वडील.

मी तेव्हा सहावीत होतो. दाभोळला फेरीबोट नव्हती. खाडीपलीकडे धोपाव्याला जायचं तर लाँच, ती चुकली की चिपळूणवरून वळसा. पलीकडच्या गावात रात्रीचे सामने होते. संघ धक्क्यावर पोचला तेव्हा शेवटची लाँच गेलेली. वडील नुकते मासळी उतरवून बसले होते, जेवलेही नव्हते. ‘बसा रे पोरांनो’ एवढंच म्हणाले आणि बारा खेळाडू, सर आणि हट्टाने चढलेला मी, सगळ्यांना घेऊन निघाले. ओहोटी लागली होती. खाडीच्या मध्यावर होडी वाळूवर टेकली, तेव्हा पोरांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती ढकलत सोडवली. तशीच निथळत मैदानावर गेली, तर लाऊडस्पीकरवरून आवाज आला, ‘तांडेलाची पोरं आली!’ सामना ती हरली. वडील फक्कीच्या रेषेबाहेर शेवटपर्यंत उभे होते. भाड्याचा एक पैसा त्यांनी घेतला नाही. पुढच्या वर्षी संघाने बनियनवर ‘तांडेल’ रंगवून आणलं, ते आजतागायत आहे.

त्या संघातले निम्मे जण अजून गावात आहेत. लेखकाने एकाच्या तरी ओटीवर येऊन विचारायचं होतं. वडील आता नाहीत. त्यांचं नाव छापा असं मी म्हणत नाही, पण खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात यावा.

आणखी एक. त्याच पानावर सामन्याच्या बातमीत ‘लोन दिला’ असं दोनदा छापलं आहे. समोरचा अख्खा संघ बाद केला की दोन जादा गुण मिळतात, तो लोण. कबड्डी खेळणाऱ्या जिल्ह्याच्या पेपरात हा शब्द चुकू नये.

आपला,
एक वाचक, दाभोळ