वाचल्याशिवाय सही करायची नाही : एडिसनच्या काकूंना पत्र

प्रिय काकू,

सादर नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अमेरिकेतल्या पहिल्या टॅक्स रिटर्नबद्दल आम्ही जे शिकलो, ते इथे नव्याने येणाऱ्या जोडप्यांच्या कानावर पडावं, हाही त्यामागचा हेतू आहे.

आपली भेट २०२३च्या गणपतीतली. मी ९ सप्टेंबरला एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, न्यू जर्सीत उतरले होते आणि दहाच दिवसांनी गणपती बसले. आरतीनंतर प्रसाद देताना तुम्ही विचारलंत, "कधी आलीस?" मी तारीख सांगितली. "आणि नवरा?" तो २० मे रोजी आला होता, व्हिसाचा शिक्का मिळता मिळता उन्हाळा उजाडला होता. तुम्ही मनातल्या मनात काहीतरी मोजलंत आणि म्हणालात, "फेब्रुवारीत या माझ्याकडे. दोघंही या, त्याला एकट्याला पाठवू नकोस."

त्या शेवटच्या वाक्याचं मोल मला फेब्रुवारीत कळलं. नवऱ्याचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, आला होता आणि ओळखीतल्या एकाने त्याला सल्ला दिला होता, "पहिल्या वर्षी रिटर्न सरळ सिंगल, म्हणजे अविवाहित म्हणून भर. बायकोकडे नंबरच नाही, तिला कशाला मध्ये घेतोस?" एच-४ वर कामाची परवानगी नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही आणि ऑनलाइन फॉर्म माझ्या नावापुढच्या त्या रिकाम्या चौकटीवर अडून बसला होता. पुण्यात मी नऊ वर्षं नोकरी केली होती. माझं पॅन, माझं रिटर्न, माझा कर मीच बघत आले होते. इथे मात्र मला वगळलं की काम सोपं होत होतं. ते मला फार लागलं होतं, काकू. कुणाला बोलले नव्हते.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "३१ डिसेंबरला तुमचं लग्न झालेलं होतं ना? मग सिंगल हा पर्यायच नाही. विषय संपला." मग तो पिवळा पॅड काढलात, मधोमध रेघ ओढलीत आणि दोघांचे अमेरिकेतले दिवस मांडलेत. या वर्षाचे सगळे, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली की कराच्या हिशेबात तुम्ही रहिवासी. आम्ही आधी कधी अमेरिकेत आलोच नव्हतो, त्यामुळे फक्त २०२३चे दिवस. त्याचे २२६, माझे ११४. एका घरात राहणारे आम्ही दोघं, तो मे महिन्यापासून रहिवासी आणि मी अनिवासी.

इथून पुढे दोन वाटा होत्या आणि तुम्ही दोन्हींचा हिशेब करून दाखवलात, हे मला सगळ्यात आवडलं. पहिली वाट म्हणजे त्याने एकट्याने अर्ध्या वर्षाचा रहिवासी म्हणून भरायचं. त्यात भारतातला पगार धरावा लागत नाही, पण स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी ठराविक वजावटही, मिळत नाही. दुसरी वाट म्हणजे आम्ही दोघांनी वर्षभर रहिवासी समजलं जाण्याची निवड करायची आणि एकत्र रिटर्न भरायचं. त्यात २०२३साठी २७,७०० डॉलर्सचं स्टँडर्ड डिडक्शन मिळत होतं आणि दरांचे टप्पेही ऐसपैस असतात. मात्र मग १ जानेवारीपासूनची दोघांची जगभरातली कमाई दाखवायला लागते, भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मागता येतं. "एकत्र भरलं की फायदाच होतो असं नसतं, तुझा पुण्याचा पगारही त्यात येणार," तुम्ही माझ्याकडे बघून सांगितलंत. मी ऑगस्टअखेर राजीनामा दिला होता. आठ महिन्यांचा पगार होता माझा! त्या टेबलाशी तो पहिल्यांदा कुणीतरी जमेस धरला.

फॉर्म १६ उपयोगाचा नव्हता, कारण आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर. म्हणून माझ्या आठ आणि त्याच्या पाच, अशा तेरा पगाराच्या स्लिपा जमवल्या. माझं ऑफिसचं ईमेल बंद झालेलं, जुन्या मैत्रिणीने एचआरकडे खेटे घालून त्या मिळवून दिल्या. वर्षाचा सरासरी दर साडेब्याऐंशी रुपयांच्या आसपास धरून प्रत्येक आकडा मीच डॉलरमध्ये केला. तुम्ही मुद्दाम माझ्याकडून करून घेतलात. एफडीचं व्याज लिहिलं, पीपीएफचं सोडलं होतं, कारण आपल्याकडे ते करमुक्त. तुम्ही पेन्सिलीने तिथे टिचकी मारलीत, "इथे नाही."

दोन्ही बेरजा झाल्या तेव्हा एकत्र भरण्यात आमचे चार आकडी डॉलर वाचत होते. तरी तुम्ही घाई केली नाहीत. दोघांच्या सहीचं एक निवेदन रिटर्नला जोडायचं होतं. ही निवड एकदा मागे घेतली तर आम्हा दोघांना ती पुन्हा करता येणार नाही, हे तुम्ही सही करण्याआधी सांगितलंत, नंतर नाही.

सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी मला करासाठीचा वेगळा नंबर मिळावा म्हणून डब्ल्यू-७ हा अर्ज भरला. असलं रिटर्न ऑनलाइन जात नाही, ते कागदावरच जातं, डब्ल्यू-७ सोबत. मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवायच्या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा आला होता. परक्या देशात आठवडेच्या आठवडे पासपोर्टाशिवाय राहायचं? तुम्ही म्हणालात, आयआरएसच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, कार्यालयात अपॉइंटमेंट घे, पासपोर्ट तिथल्या तिथे बघून परत देतात आणि कागद पुढे ऑस्टिनला पाठवतात. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात तसंच झालं.

पण त्याआधीचा तो शनिवार. नवऱ्याने सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि मी पेन उचललं. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. "वाचल्याशिवाय सही करायची नाही. एकत्र रिटर्न म्हणजे त्यातल्या सगळ्या करासाठी तूही तेवढीच जबाबदार. उद्या काही चुकलं तर तुलाही विचारतील." आणि मग तुम्ही चहा करायला उठलात, पाठ वळवून, पूर्ण वेळ देऊन. मी ओळ न् ओळ वाचली. नवऱ्याला तीन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचं उत्तर त्यालाही येत नव्हतं. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न ही गोष्टच नाही, त्यामुळे एका कागदावर आम्हा दोघांचं अर्थार्जन आम्ही तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून घरातले सगळे हिशेब आम्ही दोघं मिळून बघतो.

एफबारची, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देण्याच्या फॉर्मची, आठवण तुम्हीच केलीत. नवऱ्याची भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलर्सच्या वर गेली, तर तो वेगळा फॉर्म, वेगळ्या ठिकाणी, ऑनलाइन. वडिलांबरोबरचं जॉइंट खातं तो विसरला होता. "नाव आहे ना? मग मोजायचं." जिथे तुमचं क्षेत्र संपलं तिथे तसं स्पष्ट म्हणालात, "भारताच्या बाजूचं पुण्याच्या सीएला विचार." बरं झालं विचारलं. नवरा नोकरीसाठी देश सोडून गेला म्हणून त्याला तिकडे १८२ दिवसांची सवलत. मी नोकरीसाठी गेले नव्हते, त्यामुळे मला ६० दिवसांचा नियम लागू झाला आणि त्या आर्थिक वर्षात मी भारतात रहिवासीच ठरले.

फी घेतली नाहीत. श्रीखंडाचा डबा दिला, तोही निम्मा आम्हालाच वाढलात.

जूनमध्ये पत्र आलं. ९ने सुरू होणारा नऊ आकडी नंबर, माझ्या नावाचा. मी ते घेऊन तशीच तुमच्याकडे आले. तुम्ही चष्मा लावलात, पासपोर्ट मागितलात, स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहिलंत आणि मगच माझ्या पाठीवरून हात फिरवलात. काकू, तुमचे उपकार आम्ही दोघं विसरणार नाही.

येत्या शनिवारी नाशिकचं एक जोडपं आमच्याकडे येणार आहे. तो जुलैत आला, ती नोव्हेंबरात. दोघांनाही या म्हटलंय. त्यांचे दिवस मी मोजून ठेवते. तुम्ही एकदा नजर टाकाल का?

तुमची,
एडिसन, न्यू जर्सी