ट्रान्सफॉर्मरचा निर्णय वीजबिलांवरून नको

प्रति,
मा. अध्यक्ष,
रो-हाउस सहकारी गृहनिर्माण संस्था, बावधन, पुणे

विषय : सोलर-बॅटरीच्या घरांचा वीजवापर प्रत्यक्ष मोजण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलर आणि बॅटरी बसवून, गॅस बंद करून सगळे विजेवर नेलेल्या घरांकडून कमिटीने वर्षभराची बिले मागवली आहेत. त्यांवरून नव्या ट्रान्सफॉर्मरचा भार काढणार असाल, तर कृपया थांबा. नेट मीटरच्या बिलात घराचा वापर नसतोच. महावितरणकडून किती घेतले आणि किती परत दिले, एवढेच त्यात असते.

३ किलोवॉट सोलरचे एक घर धरू. एप्रिलमध्ये ४०० युनिट तयार झाले, २१० बाहेर गेले, २६० आत आले. बिल ५० युनिटचे येईल, पण वापर ४०० वजा २१० अधिक २६०, म्हणजे ४५० युनिट. त्यातही ४०० हा आकडा इन्व्हर्टरच्या ॲपमधला, पॅनेलकडचा असेल, तर बॅटरी भरता-काढताना जाणारी साधारण दहा टक्के वीज घराच्याच खात्यात पडते. इन्व्हर्टर स्वतः ५० वॉट खात असेल तर महिन्याचे ३६ युनिट तिथेच गेले.

आणि ट्रान्सफॉर्मरला युनिट कळत नाहीत, एका वेळी ओढलेले किलोवॉट कळतात. सकाळी सातला गीझर २, इंडक्शन १.८, गाडीचा चार्जर ३.३ आणि बाकी किरकोळ ०.३ धरले तर एका घराचे ७.४ किलोवॉट झाले. उन्हाळ्यात यातले बरेचसे बॅटरी झाकून टाकते. जुलैत ढग हटत नाहीत, बॅटरी अर्धीही भरत नाही, आणि तोच भार सगळा लाइनवर येतो. म्हणून माझे ठाम मत आहे की मोजणी जुलै-ऑगस्टच्या सकाळी व्हावी. दुसरी मोजणी मेच्या रात्री, एसी चालू असताना. मेच्या दुपारी वीज उलट दिशेने किती जाते, तेही त्याच नोंदीत मिळेल.

यासाठी सिंगल-फेज घरात दोन सीटी क्लॅम्पचे (वायरीभोवती बसवून प्रवाह मोजणाऱ्या चिमट्यांचे) छोटे मीटर पुरेल; थ्री-फेज घरात प्रत्येक फेजला तसेच क्लॅम्प लागतील. पहिला क्लॅम्प नेट मीटरनंतर, घरात येणाऱ्या मुख्य वायरवर. दुसरा इन्व्हर्टरच्या लाइनकडच्या वायरवर, म्हणजे बॅटरी किती भार लपवते ते दिसेल. मीटरचे सील कोणीही उघडायचे नाही. काम घराच्या डीबीत (स्विचच्या मुख्य पेटीत), मेन बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच.

चुका इथेच होतात. क्लॅम्प फक्त फेजच्या वायरीभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर विरुद्ध दिशेचे प्रवाह एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्य येतो. क्लॅम्पवरचा बाण उलटा बसला तर घेतलेली वीज दिलेली दिसते. थ्री-फेज घरात आर, वाय, बी असे तीन फेज येतात; क्लॅम्प वाय फेजवर आणि मीटरला दिलेले व्होल्टेज आर फेजचे असेल, तर २ किलोवॉटचा गीझर उणे १ किलोवॉट दिसतो, कारण दोन फेजमध्ये १२० अंशांचा फरक आहे. फ्रिज, दिवे, राउटर इन्व्हर्टरच्या बॅकअप डीबीवर (वीज गेल्यावरही चालू राहणाऱ्या पेटीवर) असतील, तर ते दुसऱ्या क्लॅम्पला दिसत नाहीत. त्या डीबीच्या वायरीला तिसरा क्लॅम्प लावावा.

बसवल्यावर खात्री तिथेच करता येते. अंधार पडल्यावर इन्व्हर्टर आणि इतर सगळे बंद करून फक्त गीझर लावा आणि महावितरणच्या मीटरवरचा लाल दिवा पाहा. मीटरवर युनिटला ३२०० पल्स (दिव्याची उघडझाप) लिहिले असतील आणि दहा पल्सना साडेपाच-सहा सेकंद लागले, तर भार २ किलोवॉटच्या आसपास. क्लॅम्पही तेवढेच दाखवायला हवा. पुढे महिन्यातून एकदा, एकाच तारखेला, नेट मीटरचे दोन्ही आकडे नोंदीशी ताडून पाहावेत.

एक कळकळीची विनंती. दर मिनिटाच्या नोंदीवरून कोण कधी उठते, घर कधी रिकामे असते हे सहज कळते. ती नोंद घरातच राहावी. कमिटीकडे प्रत्येक घराने महिन्यातील सर्वांत मोठा अर्ध्या तासाचा सरासरी भार आणि त्याची वेळ एवढेच द्यावे. वेळ हवीच, कारण सगळ्या घरांचे उच्चांक सरळ बेरजेत धरले तर गरजेपेक्षा मोठा ट्रान्सफॉर्मर माथी बसेल.

बिलांची मागणी तूर्त मागे घ्यावी आणि हा विषय पुढच्या मासिक सभेत घ्यावा, ही विनंती. मीटर बसवताना वायरमनबरोबर प्रत्येक घरी थांबायला मी तयार आहे.

आपला,
सभासद, घर क्र. ७