विषय : इंजिनातला कार्बन आणि ‘क्लीनिंग’च्या नावाने घेतलेले पैसे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग, मुंबई

महोदय,

२०२१ साली मी तुमची डायरेक्ट इंजेक्शनची पेट्रोल गाडी घेतली. ‘मॅडम, खास सिटीसाठीच आहे’ असं सांगून ती विकली होती. गेल्या महिन्यापासून सकाळी स्टार्ट केली की ती थरथरते, मिसिंग मारते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये कॅमेरा आत घालून इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपा, दाखवले. तळाला लागलेल्या कढईसारखे काळेकुट्ट होते. सफाईचा खर्च १६,५०० रुपये. एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असूनही ती लागू नाही म्हणे, कारण ‘तुमची ड्रायव्हिंगची सवय’.

माझी सवय म्हणजे माहीम ते प्रभादेवी, जाऊन येऊन. मंगळवारी सिद्धिविनायकापाशी गाडी चालत नाही, नुसती घुरघुरते. अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन ऑइल पुरतं तापत नाही आणि कार्बन धरायला मदत होते, हे मला मान्य आहे. पण मुंबईत दुसरं काय चालवायचं? तुमच्या सल्लागाराने दर महिन्याला पुणे एक्स्प्रेसवेवर फेरी मारा असं सुचवलं. पेट्रोल आणि टोल कंपनी देणार का, हे विचारायचं राहिलं.

आता मुख्य तक्रार. गेल्या तीन सर्व्हिसिंगला ‘फ्युएल सिस्टीम क्लीनिंग’ म्हणून दर वेळी १,८०० रुपये घेतले. काय केलं विचारलं, तर टाकीत औषधाची बाटली ओतली. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, ते इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. जुन्या पद्धतीच्या इंजिनात ते व्हॉल्व्हच्या मागे पडायचं आणि जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन काढायचं. इथे क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या भागातून, परत येणारी तेलाची वाफ तेवढी व्हॉल्व्हवर बसते आणि भाजून घट्ट होते. मग टाकीतलं औषध तिथे पोचणार कसं? इंजेक्टर साफ होत असतील, नाही म्हणत नाही. पण बिलावर त्याच कामापुढे ‘कार्बन क्लीनिंग’ असं स्वच्छ छापलंय. माटुंग्याच्या आमच्या गॅरेजवाल्याला हे ठाऊक आहे. तो म्हणाला, इनटेक मॅनिफोल्ड (व्हॉल्व्हकडे हवा नेणाऱ्या नळ्या) उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोराने मारायचा, तेव्हाच तो थर निघतो. तुमच्या इंजिनीअरना हे ठाऊक नसेल, असं मी मानत नाही.

गाडीबरोबर दिलेल्या पुस्तिकेत रेडिओचं स्टेशन कसं लावायचं याला चार पानं आहेत. शहरात रोज थोडंथोडंच चालवलं तर व्हॉल्व्ह तपासून घ्या, यावर एक ओळ नाही. ती असती तर मी सवय बदलली असती, निदान दुसरी गाडी घेतली असती.

माझे ५,४०० रुपये परत करावेत आणि व्हॉल्व्हची सफाई वॉरंटीत करून द्यावी. नकार द्यायचा असेल तर वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवावं. फोनवर ‘वर विचारून सांगतो’ हे उत्तर चार वेळा ऐकून झालंय. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

तिन्ही बिलं आणि व्हॉल्व्हचे फोटो सोबत जोडले आहेत. गाडी तूर्त बिल्डिंगखाली उभी आहे आणि मी ८३ नंबरच्या बसने जाते.

आपली ग्राहक,
माहीम, मुंबई