दोन बाकांमधलं अंतर : पर्यटन व सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

आम्ही चौघं जुने मित्र आहोत. मी सगळ्यांत धाकटी, 69 वर्षांची. थोरला 77 चा. नोकऱ्या संपल्यावर ठरवलं, की महिन्यातून एक दिवस घराबाहेर पडायचं आणि काहीतरी पाहून यायचं. कधी चित्रप्रदर्शन, कधी संग्रहालय, कधी एखादी जुनी वास्तू. सात वर्षं एकही महिना चुकला नाही. आता आम्ही तिघंच जातो, आणि त्याबद्दलच आपल्याला लिहिते आहे.

जो येईनासा झाला तो थोरला. चित्र कसं पाहायचं हे आम्हाला त्यानंच शिकवलं. आधी लांबून, मग जवळून, मग पुन्हा लांबून. नावाची पाटी सगळ्यांत शेवटी वाचायची. गेल्या वर्षी एका संग्रहालयात सलग सहा दालनांत बसायला काहीच नव्हतं. त्याचे गुडघे बोलायला लागले, तसा तो खांबाच्या चौथऱ्यावर टेकला. पहारेकरी आला आणि सौम्यपणे म्हणाला, "आजोबा, इथं बसता येत नाही." त्याचं काही चुकलं नाही, वस्तू सांभाळणं हे त्याचं कामच. मित्र उठला. परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. पुढच्या महिन्यात म्हणाला, "तुम्ही जाऊन या." त्याच्या पुढच्याही महिन्यात तेच. शेवटी एका रात्री फोनवर मला म्हणाला, "अगं, मी आलो की तुम्ही चित्राकडे कमी आणि माझ्या गुडघ्यांकडे जास्त बघता."

मंत्रिमहोदय, आमचं भांडण झालं नाही, कुणी गाव सोडून गेलं नाही. एक बाक नव्हतं, एवढंच झालं.

तरुण माणसाला यातली मेख चटकन लक्षात येत नाही. तो म्हणतो, तुम्ही रोज सकाळी अर्धा तास फिरता, मग इथं काय अडचण? अडचण उभं राहण्याची आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एका जागी उभं राहिलं की ते काम मंदावतं, रक्त पायांत साठतं, पाय जड होतात, कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. संग्रहालयातलं चालणं म्हणजे दोन पावलं टाकायची आणि थांबायचं, पुन्हा दोन पावलं आणि पुन्हा थांबायचं. हे काही आजचं ज्ञान नाही. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी 1916 मध्ये 'म्युझियम फटीग', म्हणजे संग्रहालय पाहताना येणारा थकवा, या विषयावर लेख लिहिला. एका धडधाकट माणसाला कपाटांतल्या वस्तू पाहायला सांगून त्यांनी त्याचे फोटो काढले होते. कुठं तो कमरेत वाकलाय, कुठं जमिनीलगत खाली झुकलाय. धडधाकट माणसाची ही गत, तर आमचं काय होत असेल?

उलट उदाहरणही आहे. पहिलं महायुद्ध थांबलं तेव्हा, 1918 मध्ये, फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी आपली कमळांची चित्रं फ्रान्सला देऊ केली. तेव्हा ते 77 वर्षांचे होते. मोतीबिंदूनं रंग ओळखू येईनात, 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाली, तरी हात थांबला नाही. ते 1926 मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या ऑरेंजरी संग्रहालयात दोन लंबगोल दालनांत ती आठ भव्य चित्रं लोकांसाठी खुली झाली. त्या दालनांच्या मधोमध बाकं आहेत. म्हातारपणी रंगवलेलं ते पाणी बसूनच पाहायचं आहे, घाई नाही. आमच्या मित्राकडे त्या दालनाचा एक फोटो आहे. चित्रांइतकाच तो त्या बाकांविषयी बोलतो.

आता एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिलीच पाहिजे. रक्तदाबासाठी आमच्यातल्या दोघांना लघवी वाढवणारी गोळी आहे. सहलीच्या दिवशी ते ती घेत नाहीत. बाकीचे दोघं सकाळपासून पाणी पीत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, मिळालं तर उघडं असेल का, तिथं किती पायऱ्या असतील, याची कुणाला खात्री नसते. आमच्या वयात तशीही तहान कमी लागते. त्यात मुद्दाम कोरडं राहिलं की चक्कर येते. हे आम्ही एकमेकांना सांगतो, डॉक्टरांना सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 33 शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून 2007 मध्ये वयस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. ठराविक अंतरावर बसायला जागा आणि स्वच्छ, सहज सापडणारी स्वच्छतागृहं या दोन्ही गोष्टी तीत स्पष्ट लिहिलेल्या आहेत.

आपल्या खात्यांकडून ज्येष्ठांसाठी बहुतेक वेळा सवलत आणि सत्कार येतो. सवलतीबद्दल मी कृतज्ञ आहे. पण तिकीट अर्ध्या दरात मिळालं तरी आतलं अंतर अर्धं होत नाही.

हा हट्ट का, ते सांगते. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवून दिलं आहे, की पुढचा काळ थोडा उरलाय असं जाणवू लागलं की माणूस ओळखींचा पसारा आपणहून आवरतो आणि जवळची मोजकी माणसं धरून ठेवतो. आमच्याकडे नव्या मैत्रीला चाळीस वर्षं नाहीत. आहेत ती तीन माणसं. फोन आहेच, पण फोनवर किंवा एकमेकांच्या घरी समोरासमोर बसलो की बोलणं आजारांवर जातं. चित्रासमोर शेजारी शेजारी बसलो की चित्रावर बोलतो. मग कुणाला शाळेतला वर्ग आठवतो, कुणाला गेलेला नवरा, आणि ते सांगताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. शेजारी बसून बोलायची अशी जागा आता आम्हाला दुसरीकडे कुठं मिळत नाही.

म्हणून मागणं लहान आहे. दर दालनात एक तरी बाक हवं, पाठ असलेलं आणि हात असलेलं. हात लागतात ते उठण्यासाठी. बिनहाताच्या बाकावर आम्ही बसतो, पण उठवायला दुसरा माणूस लागतो. काही संग्रहालयं दाराशी घडीची हलकी स्टुलं देतात, तेही चालेल. जुन्या वास्तूंच्या प्रवेशद्वारावर ठळक अक्षरांत लिहा : आत किती चालायचं आहे, किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, बसायला कुठं आहे, स्वच्छतागृह कुठं आहे. एवढं आधी कळलं तर जायचं की नाही हे आम्ही स्वतः ठरवू. अर्ध्या वाटेवरून लाजून परत यावं लागणार नाही.

आमच्यातल्या एकानं जन्मभर जमिनींची मोजणी केली. या सहा महिन्यांत त्यानं आम्ही पाहिलेल्या चार ठिकाणांचे नकाशे हातानं काढले आहेत, पावलं मोजून. त्यांच्या प्रती या पत्रासोबत आपल्या कार्यालयात पाठवत आहे. हिरवी खूण म्हणजे बसायची जागा, निळी म्हणजे स्वच्छतागृह. दुसऱ्या नकाशात तिसऱ्या दालनापासून आठव्या दालनापर्यंत एकही खूण नाही. पाचव्या दालनातल्या खांबाशी पेन्सिलीनं एक बारीक फुली आहे, ती आमच्या मित्राची.

आपली विश्वासू,
एक ज्येष्ठ नागरिक