तीन झाले तरी उतर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडातल्या किंडर स्काउट डोंगरावरचे तुझे फोटो पोचले. बाबांनी ते सोसायटीत सगळ्यांना दाखवून झाले. हॅम रेडिओवर तीनच कॉन्टॅक्ट झाले, चौथ्यासाठी तासभर थांबलीस आणि एडेल स्टेशनला अंधारात पोचलीस, हे मात्र तू त्यांनाच सांगितलंस, मला नाही. का ते कळतं मला. फोनवर मी चिडले असते, म्हणून लिहिते आहे.

आधी कौतुक. आमच्या वेळी मोर्सची परीक्षा पास होऊन लायसन्स हातात पडेपर्यंत वर्ष गेलं होतं; तू दोन महिन्यांत सेट घेऊन डोंगरावर! ६३६ मीटर ऐकून मला हसू आलं होतं, आपला सिंहगड त्याच्या दुप्पट उंच. मग नकाशा पाहिला. वर सुळका नाही, खूण पटेल असं काही नाही, नुसतं पीटच्या काळ्या चिखलाचं पठार आणि त्यात घळी. धुक्यात वाट चुकायला याहून चांगली जागा नाही. (१९३२ मध्ये मँचेस्टरकडच्या तरुण कामगारांनी रखवालदारांना न जुमानता याच पठारावर चाल केली होती, त्यातले काही तुरुंगातही गेले. तिथल्या कोणाला तरी विचार, आवडीने सांगतील.)

आता चौथ्या कॉन्टॅक्टचं. सोटाचे (समिट्स ऑन द एअर, डोंगरमाथ्यांवरून रेडिओवर बोलायचा उपक्रम) गुण चार वेगवेगळ्या स्टेशनांशी बोलल्यावर मिळतात, हे खरं. पण एकाशी बोललीस तरी माथ्यावरून प्रसारण झालं असं धरतात. बुडतात ते फक्त गुण.

कळसूबाईची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. ऑक्टोबर होता, परतीचा पाऊस. तिकडचा चारचा नियम आम्ही हौसेने इथेही पाळायचो. माथ्यावर देवीचं देऊळ आणि भोवती जेमतेम जागा. तिथे सहा मीटरची काठी उभी करून वायर ताणली होती. रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर तीन कॉन्टॅक्ट झाले होते. सेटमध्ये कर्र, कर्र सुरू झालं. बँडचा गोंगाट म्हणून मी आवाज कमी केला. ती लांबची वीज होती. वीस मिनिटांनी काठी गुणगुणायला लागली, अगदी बारीक, माठाशी कान नेल्यावर येतो तसा आवाज, आणि बाबांच्या हातावरचे केस ताठ उभे. वायर तशीच टाकून पळालो. आणि पळणार कुठून? लोखंडी शिड्यांवरून! खाली पायथ्याच्या बारी गावात पोचेपर्यंत दोघंही एक शब्द बोललो नाही. चौथ्या कॉन्टॅक्टची एवढी हाव मला होती, बाबांना नव्हती. तुझ्यात ती कुठून आली ते सांगायला नको.

तुझ्याकडे नोव्हेंबरात चारलाच सूर्य मावळतो. परतीची वेळ घरून निघतानाच ठरव, वर जाऊन नको. किती वाजता प्रसारण करणार ते आदल्या दिवशी जाहीर केलंस तर घरी बसून माथे गोळा करणारे चेसर वाटच पाहत असतात, चार व्हायला दहा मिनिटं पुरतात. १४५.५०० मेगाहर्ट्झवर हाक मार, कोणी आलं की लगेच दुसरी फ्रिक्वेन्सी घे. आणि अगदी माथ्यावर वाऱ्यात बसायचा हट्ट कशाला? माथ्यापासून उभ्या उंचीत पंचवीस मीटर खालीपर्यंत चालतं. कळसूबाईला त्याचा उपयोग नाही, पण किंडर इतका सपाट आहे की त्या पंचवीस मीटरात पठाराचा बराच भाग येईल. शेफील्डची माणसं हवी असतील तर त्यातच पूर्वेकडे सरक, मँचेस्टरची हवी असतील तर पश्चिमेला.

सेटचा तो रबरी ॲन्टेना काढ. पार्सलमध्ये मी केलेला जे-पोल ॲन्टेना आहे, सुमारे दीड मीटरचा. दूरदर्शनच्या जुन्या ॲन्टेनाची चपटी वायर माळ्यावर होती ना, तिचाच. गुंडाळून खिशात मावतो. काठीला, नाहीतर सरळ कुंपणाच्या खांबाला बांध. सोल्डरिंग बाबांचं आहे, त्यामुळे ओढाताण नको.

आणि काही झालंच तर सेटवर भिस्त नको. फोनवर ९९९, पोलीस माग, त्यांना माउंटन रेस्क्यू हवं म्हणून सांग. फोन लागला नाही तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. शिट्टी सॅकच्या तळाशी नको, गळ्यात हवी.

पुढच्या वेळी तीनवर उतरलीस तर मला फोन कर. चार झाले तर बाबांना कर, ते परत सोसायटीभर फिरतील.

तुझी,
आई

ता. क. बॅटरी स्वेटरच्या आत ठेव, थंडीत फार लवकर मान टाकते. चकल्या वरच्या डब्यात आहेत, जे-पोल खालच्या.